पिशवीभर पुळण

गणपतीपुळ्याहून परत येताना लोक काय काय घेऊन येतात? कुणी आंबापोळी, कुणी फणसपोळी, कुणी कोकम सरबताच्या बाटल्या, तर कुणी देवळापुढच्या दुकानातून शिंपल्यांचे गणपती. माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीच्या सुटीत तिथून काय आणावं? चक्क पिशवीभर वाळू! तीही थोडीथोडकी नाही, पाच किलोच्या तांदळाची पिशवी गळ्यापर्यंत भरून. आणि ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत वाहून नेली कुणी? अर्थातच मामाने, म्हणजे मी.

"अरे, कशाला रे एवढी वाळू?" मी धापा टाकत विचारलं.

"बुंदीसाठी."

बुंदी म्हणजे त्याची पाल. दचकलात ना? आमच्या ताईच्या घरी, कोल्हापुरात, एका काचेच्या पेटीत खरोखरच एक पाल राहते. शेजारच्या कुटुंबाची बदली झाली, तेव्हा जाताना ते ती पेटीसकट भाच्याच्या हवाली करून गेले. पिवळसर अंगावर काळेभोर ठिपके, म्हणून नाव बुंदी. इंग्रजीत या पालीला 'लेपर्ड गेको' म्हणतात, म्हणजे बिबट्याच्या ठिपक्यांची पाल. आपण तिला बिबळी पाल म्हणू.

बुंदीच्या पेटीत आधी एका दुकानातून आणलेली निळ्या रंगाची वाळू होती. ती संपत आली होती आणि नवी पिशवी चांगलीच महाग होती. "वाळवंटातला प्राणी आहे, वाळू लागतेच," असं दुकानदाराने सांगितलेलं. मग भाच्याने हिशोब मांडला : गणपतीपुळ्याला वाळूच वाळू, तीही फुकट. हिशोबात मला तरी काही चूक दिसली नाही. चूक कुठे होती ते तीन आठवड्यांनी कळलं.

त्याआधी या वाळूकडे जरा नीट बघू या, कारण ती साधीसुधी नाही. गावाचं नावच मुळी वाळूवरून पडलंय, असं तिथले लोक सांगतात. समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याला कोकणात 'पुळण' म्हणतात. पुळणीचं गाव ते पुळे, आणि तिथे डोंगराच्या पायथ्याशी पश्चिमेकडे तोंड करून बसलेला स्वयंभू गणपती, म्हणून गणपतीपुळे. देवळाची प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या डोंगरालाच वळसा घालावा लागतो, जवळजवळ एक किलोमीटरचा.

ही पुळण चिमूटभर घेऊन भिंगाखाली धरा. गंमत दिसेल. काचेसारखे पारदर्शक दाणे आहेत, ते गारगोटीचे. पांढरे, गुलाबी, चपटे तुकडे आहेत, ते शंखशिंपल्यांचे. आणि मधूनच काळे, चकचकीत, साखरेच्या कणाएवढे दाणे. ते इल्मेनाइट नावाच्या खनिजाचे. त्यात लोखंड आणि टायटॅनियम हे दोन धातू असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मालगुंड, नेवरे, काळबादेवी या पट्ट्यात भूगर्भशास्त्रज्ञांनी या काळ्या वाळूचे साठे नोंदवलेले आहेत. लाट परतताना हलके दाणे घेऊन जाते आणि जड काळे दाणे मागे राहतात, म्हणून किनाऱ्यावर कधीकधी शाई सांडल्यासारखे काळे पट्टे दिसतात.

दोन सोपे प्रयोग तिथेच करून बघा. कागदावर कोरडी वाळू पसरा आणि कागदाखालून जोरदार लोहचुंबक फिरवा. काही काळे दाणे मुंग्यांसारखे चालायला लागतील. दुसरा प्रयोग खानावळीतला. चमचाभर वाळूवर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू येते, बुडबुडे दिसतात. लिंबातलं आम्ल आणि शिंपल्यातला चुना यांची ती गाठभेट. (प्रयोग झाला की वाळू पुळणीवरच टाका. पिशव्या भरण्याचा काय परिणाम झाला तो पुढे आहेच!)

तर, ही अशी सुंदर वाळू भाच्याने घरी नेऊन दोन पाण्यांतून धुतली, गच्चीत वाळवली आणि पेटीत चांगली दोन बोटं जाड पसरली. बुंदी तिच्यावरून ठुमकत चालायला लागली. पेटी अगदी जाहिरातीतल्यासारखी दिसत होती.

तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. "बुंदी काही खात नाही रे. चार दिवस झाले. पोट मात्र फुगलंय."

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला. हाडं जशी पांढरी दिसतात, तसाच पोटात एक पांढराशुभ्र गोळा दिसत होता. डॉक्टरांनी भाच्याला जवळ बोलावून दाखवलं. "ही बघ तुझी वाळू."

हे झालं कसं? बुंदी वाळू कशाला खाईल? तिची जेवायची पद्धत बघितली की उलगडा होतो. बिबळी पाल समोरच्या किड्यावर झडप घालते. किडा तोंडात येतो, त्याच्याबरोबर पाच-पन्नास दाणेही येतात. शिवाय ही पाल जिभेने वास घेते. नवीन जागा दिसली की जमीन चाटून बघते. आणि तिसरं कारण सगळ्यात वाईट. अंगात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडलं की ती मुद्दाम वाळू खाते. पुळ्याच्या वाळूत तर शिंपल्यांचा चुरा होताच.

मोठ्या प्राण्याच्या पोटातून चार दाणे निघून जातात. पण पूर्ण वाढलेली बिबळी पाल शेपटीसकट जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरची. तिच्या आतड्याची जाडी ती किती असणार! दाणे साठत जातात, एकमेकांना चिकटतात आणि मोरीच्या नळीत केस अडकावेत तसं सगळं तुंबतं. वेळेवर लक्षात आलं नाही तर पाल मरते.

डॉक्टरांनी मग एक प्रश्न विचारला, तो मला महत्त्वाचा वाटला. "पेटीला ऊब कुठून देता?"

"वरून बल्ब आहे," भाचा म्हणाला.

"आणि तळ?"

तळ गार होता. दोन बोटं वाळूच्या थरामुळे तर आणखीच गार. आपलं अंग आतून तापतं, पालीचं तसं नाही. तिला बाहेरून ऊब मिळाली तरच पोटातलं अन्न पचतं. बिबळी पाल दिवसभर ऊन खात बसणारी नव्हे. ती संध्याकाळी बाहेर पडते आणि दिवसभर तापलेल्या दगडाला पोट लावून शेकते. पेटीत तिला एका कोपऱ्यात ३१ ते ३४ अंश सेल्सिअस तापलेली जमीन लागते. दुसरा कोपरा गार हवा, म्हणजे नको असेल तेव्हा तिला उठून जाता येतं. जमीन गार राहिली तर पचन मंदावतं आणि मग पोटात गेलेले थोडेसे दाणेही पुढे सरकत नाहीत. म्हणजे एकट्या वाळूवर खापर फोडूनही चालणार नाही. गार तळ, चुन्याची कमतरता आणि सुटी वाळू, या तिघांनी मिळून बुंदीला आजारी पाडलं होतं.

औषध, कोमट पाण्याच्या उथळ बशीत रोज शेक आणि तळाला ऊब. नऊ दिवस ताईच्या घरी कुणी धड जेवलं नाही. (कुणीतरी "एरंडेल पाजा" असा सल्लाही दिला होता. असले घरगुती उपाय पालीवर अजिबात करायचे नाहीत. तेल श्वासनळीत गेलं तर प्राणी तिथेच दगावतो.) दहाव्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन. "मामा! बुंदीला शी झाली!" एवढ्या आनंदाने ही बातमी देणारा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे वळू. "वाळवंटातला प्राणी." ते मुळातच अर्धवट खरं आहे. बिबळी पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य टोकाकडची. प्रदेश कोरडा खरा, पण ती सोनेरी टेकड्यांच्या वाळवंटात राहत नाही. ती राहते खडकाळ उतारांवर, घट्ट मातीच्या जमिनीवर, दगडांच्या सापटीत नाहीतर दुसऱ्या कुणीतरी केलेल्या बिळात. तिचे पायच सांगतात. तुमच्या घरातली पाल भिंतीवर, काचेवर, छताला उलटी चालते, कारण तिच्या बोटांखाली अतिशय सूक्ष्म केसांच्या गाद्या असतात. बिबळ्या पालीला त्या नाहीत. तिच्या बोटांना साध्या नख्या आहेत, दगडावर चढायला उपयोगी पडतील अशा. आणि घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती डोळा जिभेने पुसते. बिबळीला पापण्या असतात. ती चक्क डोळे मिटून झोपते! बुंदीने एकदा माझ्याकडे बघून डोळा मिचकावल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता.

तिची चुलत भावंडं आपल्या महाराष्ट्रातही आहेत, बरं का. युब्लेफॅरिस फस्कस या नावाची एक जात आपल्याकडच्या कोरड्या माळांवर आणि दगडधोंड्यांत आढळते. आणखी एक जात सातपुड्यातून २०१४ साली झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणली. तिचं नाव सातपुड्यावरूनच ठेवलं, युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. रात्री रस्त्यावर दिसलेल्या या पालींना विषारी समजून लोक दगड घालतात. भारतात एकही पाल विषारी नाही. रानात ती दिसली तर बघा, आणि जाऊ द्या. पकडून पेटीत घालायची नाही. आणि पाळीव म्हणून कुणी एखादा सरपटणारा प्राणी देऊ केला, तर आईबाबांनी घेण्याआधी जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारावं. कायदा काय म्हणतो, कागदपत्रं काय लागतात, ते तिथेच नीट समजतं.

मग पेटीत घालायचं तरी काय? डॉक्टरांचं उत्तर ऐकून भाचा हिरमुसलाच. "कागद!"

स्वयंपाकघरातला साधा पांढरा टिश्यू कागद. दिसायला अगदीच रुग्णालयातल्यासारखा, पण त्याचे गुण मोठे. पोटात जात नाही, रोज बदलता येतो आणि शी झाली की नाही, कशी झाली, ते लगेच दिसतं. आजारी पालीला आणि पिल्लांना कागदच हवा. वर्तमानपत्रही चालतं. (हे साप्ताहिकही चालेल, पण वाचून झाल्यावर!)

पाल बरी झाली की फरशी उत्तम. इथे ताईला बांधकामातून उरलेला शहाबादी फरशीचा तुकडा आठवला. गुळगुळीत, पॉलिश केलेली फरशी नको, पाय घसरतात. शहाबादी कशी, किंचित खडबडीत. नख्या आपोआप घासल्या जातात, पुसायला सोपी, आणि मुख्य म्हणजे खालून दिलेली ऊब धरून ठेवते. ऊब देणाऱ्या गादीला तापमान ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर फरशीचा तवा व्हायचा. शहाबादीचा तो तुकडा पेटीत बसवल्यावर बुंदी त्यावर अशी पसरली, की जणू तापलेला दगडच सापडला. तापलेला दगडच तर होता तो!

पूर्ण वाढलेल्या, धडधाकट पालीसाठी मातीचाही तळ करता येतो. दोन वाटे माती, एक वाटा वाळू, ओली करून घट्ट चोपायची आणि पूर्ण वाळू द्यायची, अगदी सारवलेल्या अंगणासारखी. दाणे सुटे राहता कामा नयेत. शेतातली किंवा कुंडीतली माती नको, तिच्यात खत असतं, फवारलेलं औषध असतं. या बाबतीत जाणकारांतही दोन तट आहेत. काही म्हणतात वाळूचा कणही नको. काही म्हणतात घट्ट माती, चांगली ऊब आणि पुरेसा चुना असेल तर धोका फारसा नाही. मला विचाराल, तर घरी शाळकरी मूल पाल सांभाळत असेल तर फरशीच बरी. आंघोळीआधी दोन मिनिटांत पुसून होते.

नको त्या गोष्टींची यादी भाच्याने पेटीवर चिकटवून ठेवली आहे. सुताराकडचा लाकडाचा भुसा नको. देवदार आणि चीड यांच्या भुशातला उग्र वास छोट्या प्राण्याच्या फुफ्फुसाला झोंबतो. अक्रोडाच्या कवचाचा चुरा नको, त्याला धारदार कडा असतात. मांजराच्या शीसाठी मिळणारे खडे नकोत, ते ओलं झालं की फुगतात. धागे निघालेला गालिचा नको, नख्या अडकून तुटतात. आणि 'कॅल्शियम वाळू' म्हणून मिळते ती रंगीत वाळू तर मुळीच नको. पुडीवर लिहिलेलं असतं पचते म्हणून, पण चुन्याच्या चवीने पाल ती जास्तच खाते. चुना द्यायचा तर पूड वेगळ्या छोट्या झाकणात ठेवायची. किडेही बशीतच द्यायचे.

एक गोष्ट मात्र कोकणातूनच आणलेली चालली. नारळाच्या काथ्याचा भुसा. प्लॅस्टिकच्या डब्याला दार कापायचं, आत ओलसर भुसा भरायचा, की झाली दमट गुहा. कात टाकताना पाल तिच्यात जाऊन बसते. दमटपणा नसला तर जुनी कात बोटांवर अंगठीसारखी आवळून बसते आणि बोट झडूनही जातं. भुसा कोरडा धुरळा होऊ द्यायचा नाही. तो ओला ठेवायचा लक्षात राहणार नसेल, तर ओला टिश्यू ठेवला तरी पुरतं.

आणि आईबाबांसाठी एक ओळ. पालीला किंवा पेटीला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवायचे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, प्राणी ठणठणीत दिसत असला तरी. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला पेटीपासून लांबच ठेवा. पेटी स्वयंपाकघरात तर ठेवूच नका.

एवढं सगळं झालं आणि एक प्रश्न शिल्लक राहिला. बादलीभर वाळू! बिचाऱ्या भाच्याला वाटलं, पुन्हा गणपतीपुळ्याला गेलो की परत टाकून येऊ, म्हणजे फिट्टंफाट. पण डॉक्टरांनी मानच हलवली. आजारी प्राण्याखालची वाळू किनाऱ्यावर टाकायची नाही. "तिथे त्या वाळूत दुसरं कुणीतरी राहतं," ते म्हणाले.

हे 'दुसरं कुणीतरी' पाहायला आम्ही मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो. नाना फडणविसांचं हे गाव. इथे, आणि खाली आंजर्ले, गुहागर, पुळ्याच्या शेजारचं मालगुंड, गावखडी अशा कितीतरी पुळणींवर थंडीच्या दिवसांत रात्री ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या वर येतात. साधारण हातभर खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा मागच्या वल्ह्यांनी खणतात, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटतात, वरून अंगाने थोपटतात आणि निघून जातात. पुढची सगळी जबाबदारी वाळूवर!

म्हणजे बघा, जी वाळू बुंदीच्या पोटात विष झाली, तीच कासवाच्या अंड्याची आई. वाळू ऊब देते. वाळू ओल धरून ठेवते. अंड्याच्या कवचातून गर्भ श्वास घेतो, ती हवा दाण्यांमधल्या फटींतूनच येते. दाणे फार बारीक, दाबलेले असतील तर हवा कोंडते. फार जाड आणि कोरडे असतील तर खड्डा ढासळतो आणि अंडी सुकतात. एवढंच नाही, पिल्लू नर होणार की मादी हेही वाळूचं तापमानच ठरवतं! ३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात. त्याहून गरम वाळूत माद्या जास्त, गार वाळूत नर जास्त. ३५ च्या पुढे तापली तर गर्भ तग धरत नाही.

हे ऐकून भाचा म्हणाला, "बुंदीचं पण असंच असतं!" त्याचं खरं होतं. बिबळ्या पालीच्या अंड्यांतही तापमानच ठरवतं. २६ अंशांना बहुतेक सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि आणखी तापलं तर पुन्हा माद्या. समुद्रातलं कासव आणि डोंगरातली पाल, दोघांचा हिशोब पायाखालच्या जमिनीकडे.

फरक एकच, पण तो मोठा. कासवाची मादी आपली वाळू आपण निवडते. आवडली नाही तर न खणताच पाण्यात परत जाते. तिच्या निवडीला समुद्रही पुरत नाही. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत कुठे अंडी घालताना सापडली असेल? आपल्या गुहागरला! भारताच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर. पेटीतल्या पालीला मात्र आपण घालू ती जमीन. ती तक्रारही करू शकत नाही. फार तर जेवण सोडते.

वेळासला ही राखणीची सुरुवात २००२ साली झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची घरटी मोजत किनाऱ्यावर फिरत होते. त्यांना वाळूत फुटक्या अंड्यांची कवचं दिसली. घरटी लुटली जात होती. त्यांनी गावालाच बरोबर घेतलं. पुढे वनखातं आणि कांदळवन प्रतिष्ठानही या कामात आलं. आता ठिकठिकाणी गावातलेच 'कासवमित्र' पहाटे किनारा तुडवतात, मादीच्या पावलांचा माग काढतात आणि कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरटं गाठतात.

त्यातल्या एका कासवमित्र काकांनी आम्हांला जाळीच्या कुंपणातली उबवणीची जागा दाखवली. भाच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, ही वाळू कुठली घालता?"

काका हसले. "हयचीच. दुसरी कुठली?"

पण 'हयचीच' म्हणजे कुठचीही नव्हे. जागा भरतीच्या रेषेच्या वर हवी, नाहीतर पाणी शिरून अंडी गुदमरतात. दर वर्षी नवी जागा हवी, कारण जुन्या जागेत न उबलेली अंडी कुजलेली असतात, बुरशी आणि मुंग्या लागतात. मादीने केला तेवढाच खोल, तसाच सुरईसारखा खड्डा हाताने करायचा. अंडी काढून इथे आणायची ती काही तासांच्या आत आणि गोल न फिरवता. कारण गर्भ एकदा कवचाच्या वरच्या बाजूला चिकटला, की अंडं उलटं करणं म्हणजे त्याला मारणं. मग खालची ओली वाळू खाली, वरची कोरडी वाळू वर. वाळूतही क्रम असतो! आणि मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची.

आम्ही गेलो त्या सकाळी एका टोपलीखालची वाळू मधोमध जराशी खचली होती, बशीसारखी. पिल्लं निघायची हीच खूण. खाली सगळी एकदम हातपाय मारतात, वरची वाळू त्यांच्या मधून खाली झरते आणि सगळ्यांचा पाट हळूहळू वर सरकतो. एकट्याचं ते काम नव्हे. टोपली उचलली तेव्हा आधी एक नाक दिसलं, करवंदाएवढं. मग दुसरं. मग सगळी वाळूच चालायला लागली!

पिल्लांना समुद्रापासून काही अंतरावर सोडतात. ती चालत जायला हवीत, उचलून पाण्यात टाकायची नाहीत. माणसं दोरीच्या मागे उभी. एवढ्यात एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या ठशात पडलं आणि उलटं होऊन वल्ही हलवायला लागलं. आपल्या पावलाचा ठसा त्याच्यासाठी विहीरच. गाडीच्या चाकाची चाकोरी तर दरीच. पुळणीवर जीप घालणारे लोक वाळू दाबून खालची हवा कोंडतात आणि वर अशा दऱ्या करून ठेवतात. काकांनी पिल्लाला सुलटं केलं आणि त्याच्या पुढची वाळू तळहाताने सपाट करत करत मागे सरकले, रांगोळीआधी अंगण सारखं करावं तसं.

परतताना दाभोळची फेरीबोट, मग तवसाळहून जयगडची फेरीबोट असं करत आम्ही पुन्हा गणपतीपुळ्याला उतरलो. या खेपेला पिशवी रिकामी होती. दर्शन झालं. संध्याकाळी पुळणीवर गर्दी होती. भाचा चालता चालता मध्येच थांबायचा आणि मुलांनी खणून सोडून दिलेले खड्डे पायाने बुजवायचा. एक बुजवला, दुसरा बुजवला, तिसऱ्यात पाय घातला तोच मागून कुणीतरी ओरडलं.

"ए! माझी विहीर!"

पाच-सहा वर्षांचा एक मुलगा, हातात प्लॅस्टिकचं फावडं, डोळ्यांत पाणी. भाचा त्याच्यासमोर उकिडवा बसला. "तुला माहितीये का, रात्री इथे कोण येतं?" अशी त्याने सुरुवात केली. दहा मिनिटांनी दोघं मिळून विहीर बुजवत होते. रत्नागिरीची गाडी आमची तेवढ्यात सुटली.